सव्विसावा तास

नेल्ली हेगायच्या शेजारी बसमध्ये कुणी बसत नसे.

बस कितीही भरलेली असो. बाजारातून परतणाऱ्या बायका खरबुजांच्या पिशव्या पायांत धरून उभ्या राहायच्या, म्हातारे दांड्याला लोंबकळायचे, पण खिडकीपाशी बसलेल्या त्या सत्तावीस वर्षांच्या मुलीच्या बाजूची जागा मोकळीच. कारण उघड होतं. नेल्ली अंबाडीच्या तळ्यांवर कामाला होती. हिरव्या अंबाडीच्या जुड्या तळ्यात बुडवायच्या, पंधरा-सोळा दिवस कुजू द्यायच्या आणि मग कमरेइतक्या पाण्यात उतरून त्यांचा वाख, म्हणजे सालीचा धागा, सोलायचा. त्या पाण्याचा वास एकदा अंगात मुरला की साबणाच्या बापालाही निघत नाही. दर शनिवारी ती शहरातल्या न्हाणीघरात जाऊन कातडी लाल होईपर्यंत अंग घासायची. लवंगाच्या वासाचं अत्तरसुद्धा लावून पाहिलं होतं तिने. फरक एवढाच पडला की लोक आता दोन बाकं लांब बसायला लागले.

एकाहत्तर सालच्या सप्टेंबरातला असाच एक शनिवार. ओल्या केसांना रुमाल बांधून नेल्ली परत निघाली होती. पुलाजवळ बस थांबली आणि एक उंच, चष्मेवाला माणूस पत्र्याचा चौकोनी डबा छातीशी धरून आत चढला. डबा असा धरला होता, जणू आत तान्हं मूल आहे.

"इथं कुणी बसलंय का?"

नेल्लीने वर पाहिलं. "दिसतंय का कुणी?"

तो बसला. आता हा उठणार... नेल्लीने मनातल्या मनात आकडे मोजायला घेतले. बहुतेक माणसं पाचाच्या आत उठायची. सहा झाले, सात झाले... आणि त्या माणसाने चष्मा काढला, डोळे मिटले आणि भट्टीतून ताजी रोटी निघत असावी तसा छाती भरून श्वास घेतला.

"अकरावा दिवस?"

"काय?"

"तळ्यातल्या जुड्यांचा. दहावा तर नक्की नाही."

नेल्लीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आजवर तिच्या अंगाच्या वासाबद्दल कुणी तोंडावर बोललं नव्हतं, आणि हा बाबा दिवस मोजत होता! "बारावा," ती म्हणाली. "पहिले चार दिवस पाणी गार होतं, म्हणून मागे पडलाय."

"म्हणजे मी बरोबर."

"म्हणजे तुम्ही चूक. बारावा म्हणजे बारावा."

तो हसला. हसताना त्याची एक भुवई दुसरीच्या आधी वर जायची. "दोन तास झाले, हाच वास शोधत फिरतोय. 'नवा प्रकाश' कलखोज़ कुठे म्हणून विचारलं, तर चहावाला म्हणाला, नाक धरा आणि चालत राहा."

"आणि तुम्ही नाक उघडं ठेवून आलात."

"काय करणार? धंदाच आहे तो."

त्याचं नाव व्हेन्यामिन यूगाय. नावावरून कळलंच, की तोही त्यांच्यातलाच – ज्यांच्या आईबापांना चौतीस वर्षांपूर्वी आगगाडीत कोंबून पूर्वेच्या किनाऱ्यावरून इथे, उझबेक मातीत आणून सोडलं होतं, त्या कोरियन घरांतला. ताश्कंदच्या एका संस्थेत तो काम करायचा. डब्यात पूड होती. पाच वर्षं खपून त्याने ती तयार केली होती. कलखोज़च्या, म्हणजे त्या सामुदायिक शेतीच्या, फाट्यापर्यंत दोघं अंबाडीबद्दलच बोलत होती, आणि उतरताना नेल्लीच्या लक्षात आलं, की आज पहिल्यांदाच बसने वाट फार लवकर संपवली.

तळ्यांची मुकादम होती पाक मावशी. साठीची, ठेंगणी, आवाजाने तळ्याच्या दुसऱ्या काठावरचा माणूस दचकावा अशी. तिने डब्यात डोकावून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"हे काय, राख?"

"कोंड्यावर वाढवलेल्या बुरशीपासून केलंय, मावशी."

"बुरशी माझ्या तळघरात फुकट आहे. सांगितलं असतंस तर बसभाडं वाचलं असतं."

"असं बघा," व्हेन्यामिन बाकावर टेकला, "अंबाडीची साल काडीला कशाने चिकटलेली असते? डिंकाने. तळ्यातले जंतू तो डिंक हळूहळू कुरतडतात, म्हणून पंधरा दिवस लागतात. ही पूड म्हणजे जंतू नव्हे, नुसते त्यांचे दात आहेत. कोमट पाण्याच्या टाकीत जुड्या घाला, पूड घाला, एका दिवसात वाख सुटतो. वास नाही, गारठा नाही, कमरेइतक्या पाण्यात उभं राहणं नाही."

"आणि ते दात थांबवायचे कसे?" नेल्लीने विचारलं.

तो वळला. चष्म्यातून तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. "संस्थेत पाच वर्षांत हे मला कुणीही विचारलं नाही... उकळती वाफ सोडायची. वाफेने ते मरतात. नाही सोडली वेळेवर, तर डिंक संपल्यावर ते वाखालाच लागतात. मग वाखाचा कापूस होतो. ओढला की तुटतो."

"वेळेवर म्हणजे किती तासांनी?"

"तिथंच घोडं अडलंय. काडी कधी जाड, कधी कोवळी. घड्याळाने जमत नाही. कलखोज़चे अध्यक्ष म्हणाले, तुमच्याकडे कुणाला तरी नुसत्या हाताने कळतं."

पाक मावशीने हनुवटीने नेल्लीकडे दाखवलं. "हिला. हिच्या आईचा अंगठा उतरलाय हिच्या हातात."

नेल्लीने तळ्यातून एक काडी उपसली, बुंध्याशी मोडली, सालीखाली अंगठा सरकवला आणि वर ओढत नेला. अंगठा दोनदा अडला. "अजून नाही," ती म्हणाली. "एका दमात शेंड्यापर्यंत गेला, की झालं. आई म्हणायची, तेवढ्याच एका शब्दाचा आपल्याला पगार मिळतो."

आईला जाऊन वर्ष झालं होतं. भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन पोरं दर मार्चमध्ये घराला कुलूप लावल्यासारखी निघून जायची – दूर रशियाच्या माळावर जमीन कसायला घ्यायची, कांदे पिकवायचे आणि बर्फ पडायला लागलं की परतायचं. आठ महिने घरात नेल्ली एकटी. एका माणसाचा भात कधी नीट शिजत नाही. खालून करपतो, वरून कच्चा राहतो. ती दोघांचा करायची आणि उरलेला सकाळी खायची. रेडिओ लावून ठेवायची, बातम्यांसाठी नव्हे, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. हे ती कुणाला सांगत नसे. सांगणार कुणाला?

आता ती दोघांचा भात डब्यात भरून तळ्यावर न्यायला लागली.

तळ्याकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकी बसली, चूल पेटली, वाफेचा नळ जोडला. पहिल्या टाकीला व्हेन्यामिनने दर तासाला काडी काढून तिच्यापुढे धरली. "झालं?" – "अजून नाही." – "झालं?" – "अजून नाही." अठ्ठाविसाव्या तासाला तिचा अंगठा सरळ शेंड्याला जाऊन भिडला आणि ती ओरडली, "झालं!" व्हेन्यामिनने धावत जाऊन वाफ सोडली. चष्म्यावर पांढरा पडदा आला आणि तो आंधळ्यासारखा चाचपडत हसत राहिला. दुसरी टाकी चोवीस तासांत उतरली. उन्हात वाळत घातलेला वाख चांदीसारखा चमकत होता. पाक मावशीने एक पेड दोन्ही मुठींत धरून झटका दिला. तुटला नाही. तिने आणखी एक झटका दिला आणि मग जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने निघून गेली.

"ही त्यांची शाबासकी," नेल्लीने सांगितलं.

"आणि तुमची?"

"माझी डब्यात आहे."

डब्यात कोबी आणि मांस भरून वाफवलेले पाव होते. त्याने नऊ खाल्ले.

"मोजताय काय?" दहाव्याकडे गेलेला हात त्याने मागे घेतला.

"मोजते तर. तुम्ही माझे दिवस मोजलेत बसमध्ये."

"मग मी काय तुम्हाला वाईट म्हणालो? त्या बसमध्ये सगळ्यांत चांगला वास तुमचाच होता."

"खोटं बोलू नका."

"पिकलेल्या तळ्याचा वास म्हणजे खोलवर काहीतरी व्यवस्थित चाललंय याची खूण. ताश्कंदच्या माझ्या खोलीला कसलाच वास नाही, नेल्ली. पाच वर्षं राहतोय... कसलाच नाही."

त्याने हे गमतीत सांगितलं, पण दोघांनाही त्यात गंमत दिसली नाही. नेल्लीने दहावा पाव उचलून त्याच्या हातावर ठेवला. ठेवताना बोटं लागली... आणि लागलेली तशीच राहिली, क्षणभर, कदाचित दोन क्षण. मग तिला आठवलं, आपल्या हाताला तळ्याचा वास आहे. तिने हात ओढून घेतला. त्याने मात्र तो हात दिवसभर धुतला नाही, हे पाक मावशीने पाहिलं आणि नेल्लीला सांगून टाकलं. त्या मावशीच्या पोटात काही राहत नसे.

तिसऱ्या टाकीच्या सकाळी तो म्हणाला, "पहिली अठ्ठावीस, दुसरी चोवीस. ही सव्वीसच्या आसपास उतरली की झालं. संध्याकाळी पाचची बस पकडतो."

"आणि मग?"

"मग समिती येईल, सही करेल. मला नदीपलीकडच्या कलखोज़वर पाठवतील. तिथून पुढच्या..." तो वही चाळत होता. मान वर न करता म्हणाला, "इथलं काम संपेल."

त्या दिवशी अवेळी पाऊस आला. दुपारपासून पत्र्यावर टपटप चालली होती. चार वाजता सव्विसावा तास भरला. व्हेन्यामिनने काडी काढून तिच्यापुढे धरली. त्याची पिशवी बांधून दाराशी ठेवलेली होती, वर दोऱ्याने बांधलेला चहाचा पेला.

नेल्लीने काडी मोडली. अंगठा सालीखाली घातला.

तो एका दमात शेंड्यापर्यंत गेला.

"झालं?"

तिने दाराकडे पाहिलं. पेल्याला बांधलेल्या दोऱ्याची गाठ पाहिली. मग घरातला तो रेडिओ, सकाळचा थंडगार भात...

"अजून नाही," नेल्ली म्हणाली.

आईने शिकवल्यापासून सोळा वर्षांत तिचा अंगठा कधी खोटं बोलला नव्हता. आताही तो नाही बोलला. बोलली ती.

पाचला पुन्हा काडी आली. अजून नाही. फाट्यावरून बसचा भोंगा ऐकू आला आणि विरून गेला. व्हेन्यामिनने पिशवी उचलून आत घेतली. आणि काय सांगावं, तो खूश दिसला! त्याने चहा ठेवला. पावसाने शेडचं दार पडदा लावल्यासारखं झाकून टाकलं. बोलता बोलता तो खूप काही बोलून गेला – खोलीत तो मासिकं मोठ्याने वाचतो, कुणी ऐकायला नसलं तरी. वाढदिवसाला बेकरीतून दोन केक आणतो, एक आणला तर बेकरीवाली कीव करते. नेल्ली हसत होती. दर तासाला काडी येत होती, आणि दर तासाला साल जास्तच सैल होत होती, नको तितकी सैल.

आठ वाजता ती म्हणाली, "झालं."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. पाक मावशीने वाळलेला पेड मुठीत धरून झटका दिला. फट्. दुसरा घेतला. फट्. वाख तिच्या हातात म्हाताऱ्या माणसाच्या केसांसारखा गळून आला. तिने नुसतं नेल्लीकडे पाहिलं. तीस वर्षं तळ्यावर काढलेल्या बाईला काय सांगायला लागतं?

व्हेन्यामिन मात्र जमिनीवर उकिडवा बसून ते तुकडे गोळा करत होता. "पूडच फसवी आहे," तो म्हणाला. "कधी चालते, कधी वाखच खाते. भरवसा नाही तिचा." दुपारी अध्यक्षांनी निरोप पाठवला, गुरुवारी समिती येतेय. एका टाकीपुरतीच पूड उरली होती. व्हेन्यामिन दोन दिवस शेडमध्ये वहीत आकडे खोडत बसला. जेवणाचा डबा न उघडता परत यायला लागला.

"पूड निम्मी करतो," बुधवारी सकाळी तो तिला म्हणाला. त्याच्या दाढीचे खुंट वाढले होते, डोळे आत गेले होते. "निम्म्याने साल सुटणार नाही बहुतेक. पण निदान नासणार तरी नाही. मग ते म्हणतील, पाच वर्षं वाया. आणि खरंच आहे ते."

नेल्ली तळ्यात उभी होती. पाणी कमरेपर्यंत. तिला वाटलं, गप्प राहावं. समितीने नको म्हटलं तर याला पुन्हा सगळं करावं लागेल, पुन्हा इथेच यावं लागेल, पुढच्या सप्टेंबरात, त्याच्या पुढच्या... तिला फक्त गप्प राहायचं होतं. तिने त्याच्या हातातली वही पाहिली. पानाला भोक पडेपर्यंत खोडलं होतं त्याने.

"पूड चांगली आहे," ती म्हणाली. "निम्मी करू नका. सव्विसाव्या तासालाच झालं होतं. मी खोटं बोलले."

त्याला कळलंच नाही आधी. "चुकलात म्हणता? होतं असं, पाऊस होता, उजेड कमी..."

"चुकले नाही. अंगठा शेंड्यापर्यंत गेला. मला कळलं आणि मी नाही म्हटलं."

"पण का?"

आता आली का पंचाईत? दुसऱ्या कुठल्याही मुलीने मान खाली घातली असती. नेल्ली कमरेइतक्या घाण पाण्यात ताठ उभी राहिली. "कारण झालं म्हटलं असतं, तर तुम्ही पाचच्या बसने गेला असता."

काठावरची पॉपलरची झाडं वाऱ्याने सळसळली. व्हेन्यामिनने वही मिटली. त्याचा चेहरा आधी उजळला... खरंच उजळला, नेल्लीने पाहिलं. आणि मग हळूहळू विझला.

"पाच वर्षं, नेल्ली," तो एवढंच म्हणाला. "मी दोन दिवस स्वतःला मूर्ख समजत होतो, आणि तुम्ही मला भात आणून देत होता." आणि शेडकडे निघून गेला.

समितीत तिघे होते. मुख्य माणूस गलेलठ्ठ, सारखा रुमालाने मान पुसणारा. टाकी आदल्या दुपारी भरलेली होती. पूड पूर्ण घातली होती, निम्मी नव्हे. नेल्लीने तेवढं पाहून घेतलं. व्हेन्यामिन काडी काढून तिच्यापुढे धरत होता, पण नजर तिच्या हातावर, तोंडाकडे नाही.

"झालं?"

"अजून नाही."

या जुड्या कालव्याकाठच्या शेतातल्या होत्या, कोवळ्या. तेविसाव्या तासाला तिचा अंगठा बुंध्याकडून निघाला आणि कुठेही न अडता शेंड्याला पोचला. हा शब्द उच्चारला, की समितीच्या मोटारीत बसून तो जाणार. कायमचा.

"झालं," ती म्हणाली. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"तेवीस?" गलेलठ्ठ माणसाने कागद पुढे धरला. "इथं सव्वीस लिहिलंय. तीन तास बाकी आहेत. तेवढ्यात जेवून घेऊ."

सगळे व्हेन्यामिनकडे पाहायला लागले. त्याचा हात वाफेच्या नळावर होता. गेल्या वेळी हिच्याच शब्दाने त्याचं वाटोळं केलं होतं. त्याने पहिल्यांदा मान वर केली आणि नेल्लीकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. डोळे भरून आले होते, ते पुसलेही नाहीत.

त्याने नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाख वाळला. पाक मावशीने पेड त्या गलेलठ्ठ माणसाच्या हातात दिला. त्याने झटका दिला, मग दोन्ही हातांनी, मग पाय रोवून. तुटला नाही. सह्या झाल्या. मोटार उभीच होती. व्हेन्यामिन दाराशी थांबला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं...

"मोटार थांबलीय," नेल्ली म्हणाली.

"हो," तो म्हणाला. आणि गेला.

नोव्हेंबरात पोस्टाने कामाची पद्धत छापून आली. अध्यक्षांनी ती कचेरीच्या भिंतीवर लावली. अकराव्या ओळीत लिहिलं होतं: वेळ घड्याळावरून ठरवू नये, जाणत्या हाताने काडी तपासावी. बाकी नाव नाही, गाव नाही, कशा आहात नाही. नेल्ली ती ओळ वाचायला म्हणून काही ना काही निमित्त काढून कचेरीत जायची. वसंतात तळ्यांचं पाणी सोडून दिलं, तळाशी भात लावला. चार नव्या टाक्या आल्या. नेल्लीला पांढरा कोट मिळाला. पाक मावशी नातवंडांकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, "अगं, एवढं खरं बोलायला तुला कुणी सांगितलं होतं?" आणि मग तिला घट्ट मिठी मारून रडली.

पुन्हा सप्टेंबर आला. न्हाणीघराची गरज उरली नव्हती, तरी नेल्ली दर शनिवारी शहरात जायची. तिच्या अंगाला आता कसलाच वास नव्हता. बसमध्ये लोक तिच्या शेजारी बसायला लागले. खुशाल बसायचे, पिशव्या तिच्या मांडीला टेकवायचे, टोमॅटोचे भाव विचारायचे. इतकी वर्षं तिला वाटत होतं, की हा वास गेला की सगळं बदलेल. वास गेला. रेडिओ चालूच होता.

त्या शनिवारी तिच्या शेजारी जांभळ्या रुमालाची एक बाई कोंबडी घेऊन बसली होती. पुलाजवळ बस थांबली. दार उघडलं आणि... नेल्लीने मान वर केली.

वास. जुनाट, आंबट, खोल, हाडात शिरणारा. बसमध्ये एकच गलका झाला. कुणी खिडक्या उघडल्या, कुणी नाकाला रुमाल लावला. "आई गं! कुठल्या गटारातून आलाय हा?" जांभळ्या रुमालाची बाई कोंबडीसकट उठून पुढे पळाली. उंच, चष्मेवाला माणूस मान खाली घालून, कुणाला अंग लागू नये अशा बेताने, मागच्या कोपऱ्यात उभं राहायला निघाला होता. नेल्लीला ती चाल ओळखीची होती. तिचीच होती ती.

"इथं कुणी बसलंय का, म्हणून विचारायचं असतं," ती म्हणाली.

तो थांबला. डाव्या भुवईने आधी ओळखलं, मग उजवीने. "इथं... कुणी बसलंय का?"

"दिसतंय का कुणी?"

तो बाकाच्या कडेला टेकला. नेल्लीने डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला. "चौदावा दिवस."

"पंधरावा. पाणी गार आहे तिकडे."

"म्हणजे मी बरोबर."

"म्हणजे तुम्ही चूक," तो म्हणाला. "नदीपलीकडे टाक्या यायला वर्ष आहे अजून. तोवर तळ्यांत उतरलो. गेल्या सप्टेंबरात, या सप्टेंबरात. लोक म्हणतात, शिकलेला माणूस वेडा झाला."

"पण का उतरलात?"

"झालं कधी म्हणायचं, ते शिकायचं होतं. तुम्ही सोडून कुणाच्या शब्दावर वाफ सोडायची हिंमत होईना..." त्याने चष्मा काढून पुसला. "आणि दुसरं म्हणजे, सव्विसाव्या तासाला अंगठा शेंड्यापर्यंत गेलेला असताना नाही म्हणायला माणूस किती एकटा असावा लागतो, ते कळायला हवं होतं. कळलं. कळायला वर्ष लागलं, थोडा मंद आहे मी. पत्रं लिहायला घेतली. सगळी अंबाडीबद्दलच व्हायची."

"मला चाललं असतं," नेल्ली म्हणाली. "अंबाडीबद्दलसुद्धा."

बाहेर कालवा गेला, पॉपलरची रांग गेली. फाटा जवळ आला होता.

"पाचची परतीची बस आहे," तो घाईघाईने म्हणाला. "उद्या सकाळी जुड्या काढायच्यात. एवढंच विचारायला आलो होतो..." आणि त्याने हात पुढे केला. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, कातडी फाटून भेगा पडल्या होत्या. "तुम्हीच सांगा. शिकून झालं का माझं?"

नेल्लीने तो हात आपल्या हातात घेतला. आपला अंगठा त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी टेकवला आणि भेगांवरून, काळ्या नखावरून, हळूहळू टोकापर्यंत नेला. कुठेही अडला नाही.

"अजून नाही," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही.

"मग पाचची बस जाऊ द्यावी लागेल."

"द्यावी लागेल," नेल्ली म्हणाली. फाट्यावर बस थांबली तेव्हा तिने त्याची पिशवी उचलली. घरी भात दोघांचाच शिजलेला होता.